झुंबर सुताराचा पांगुळगाडा

आमच्या सणसरात जन्मलेल्या निम्म्या माणसांनी आपलं पहिलं पाऊल झुंबर सुताराच्या लाकडावर हात ठेवून टाकलं. निम्म्यांनीच म्हणायचं, कारण उरलेल्या निम्म्या पोरी होत्या.

गावाची रीतच तशी होती. घरात पोरगा झाला की सुतारानं त्याला पांगुळगाडा करून द्यायचा. तीन चाकांचा, उभ्या दांड्याचा. दांडा धरायचा, गाडा पुढं ढकलायचा आणि त्याच्या मागं चालायला शिकायचं. पोरगी झाली तर तिला ठकी मिळे. ठकी म्हणजे लाकडाची कोरीव बाहुली, ठसठशीत कुंकवाची. तिच्या जोडीला तळहातावर मावेल एवढं पोळपाट आणि लाटणं. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारायलाही गेलं नव्हतं. कॅनॉलला पाणी कुठून येतं ते भिजवायची पाळी मिळाली की माणूस विचारत बसत नाही, तसंच.

झुंबर सुताराला गाव तात्या म्हणे. अंगानं वाळलेल्या शेंगेसारखा, पाठीत किंचित वाकलेला, कानावर पेन्सिल. लिंबाच्या झाडाखाली त्याचं मेट होतं, म्हणजे त्याची कामाची जागा. तिथं भुशाचा आणि ओल्या लाकडाचा वास कायम असायचा. नव्वद सालापर्यंत गावात लोखंडी नांगर आले, मग ट्रॅक्टर आले, बैलगाड्यांना रबरी टायर बसले. तात्याच्या हातात राहिल्या चौकटी, खाटा आणि पोरांचे गाडे. पण गाडा करायला बसला की तो राजवाड्याचा दरवाजा घडवत असल्यासारखा बसायचा. चाकांना जुनी बाभूळ, अंगाला लिंब, पुढं दोन इवलेसे बैल, त्यांच्या गळ्यात घुंगरू. आसाखाली एक पट्टी अशी बसवलेली असायची की चाक फिरलं की टक टक वाजे. आई चुलीपाशी बसून त्या आवाजावरून ओळखायची, पोरगं कुठवर पोचलं.

त्याचा गाडा कधी कलंडला नाही. हे मी सांगतो असं नाही, तो स्वतःच सांगायचा. कुणी नसलं तर लिंबाला सांगायचा.

त्याच्या दोन खोडी होत्या. हातातलं काम कुणाचं आहे हे तो काम पुरं होईपर्यंत सांगत नसे. लाकडाला नजर लागते म्हणे. बायको सारजा, तिलाही सांगत नसे. आणि दुसरी, मेटावरून निघालेला गाडा तो माघारी घेत नसे. गाडा माघारी आला की त्या लेकराचं पाऊल माघारी आलं, असं त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं. आमच्या वाडीवरच्या हकिकतीत या दोन खोडी अशा काही एकमेकींत अडकल्या की विचारू नका.

म्हस्कूआबाचं घर गावाबाहेरच्या वाडीच्या टोकाला. एके काळी मेंढरं राखणारं घराणं. आबाच्या उमेदीत त्यांनी मेंढरं विकून कॅनॉलकाठी ऊस लावला. आबा आणि तात्या लंगोटीयार. आबा वारला तेव्हा त्याच्या जुन्या बैलगाडीचा मोडका लाकडी आस तात्यानं मागून आणला आणि मेटावर आडवा टाकून ठेवला. कुणाला हात लावू द्यायचा नाही. आबाच्या मागं त्याची बायको शकुबाई आणि मुलगा नागेश. नागेश बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. त्याची बायको योगिनी डाळजची. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी गेली होती.

चौऱ्याण्णव सालच्या थंडीत, ऊसतोड भरात असताना, नागेशची मोटरसायकल लिंबाखाली थांबली. त्यानं इंजिन बंद केलं नाही. खिशातला पुडा काढला, तात्याच्या हातावर एक पेढा ठेवला, म्हणाला, "तात्या, तोंड गोड करा," आणि धुरळा उडवत निघून गेला.

आता, आमच्याकडं पोरगा झाला तर पेढे वाटतात आणि पोरगी झाली तर जिलेबी. लहान पोरालाही हे कळतं. तात्यानं पेढा तोंडात टाकला, आबाच्या आसाकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हस्कू, नातू झाला रं तुला."

झाली होती नात.

गावात कुणी त्याला सांगितलं कसं नाही, असं तुम्ही म्हणाल. पोराची बातमी आमच्याकडं पायानं पळायची आणि पोरीची रांगत यायची. शकुबाईनं कुणाला सांगितलं नाही, डाळज काही जवळ नाही, आणि हातोडीच्या ठोक्यांनी तात्याच्या कानाचे पडदे आधीच जाड झालेले. शिवाय त्याला सांगायचं तरी कुणी आणि कशाला? तो कुणाचा गाडा करतोय हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आबाच्या त्या मुरलेल्या आसाची त्यानं तीन चाकं काढली. थंडी सरली, उन्हं चढली, तरी त्याचं कोरणं चाललेलंच. या गाड्याच्या बैलांना त्यानं शिंगांसकट वशिंडंही कोरली. दांड्यावर राघू बसवला.

सारजा दळण घेऊन जाता जाता थांबली. "आता गं बया! कुणाचा म्हणायचा एवढा नटवा?"

"हाय एकाचा."

"आवं, नाव सांगा की. मी काय लाकडाला खाती व्हय?"

"तुझी नजर पडली की माणूस तासला जातोय, लाकडाचं काय घिऊन बसलीस," तात्या म्हणाला, आणि हसत पुन्हा कामाला लागला.

चैत्रात योगिनी बाळ घेऊन सासरी यायची होती. तात्यानं धुवट धोतर नेसलं, पटका बांधला, गाडा डोक्यावर घेतला आणि वाडीच्या वाटेनं निघाला. मागं पोरांचा घोळका. वाटेत पारावरच्या गेणूनं हाक मारली, "तात्या, वाट चुकलाय का?" पण ती हाक जाड पडद्यापलीकडंच राहिली.

जीप दारात उभी होती. योगिनी बाळाला छातीशी धरून उंबऱ्याबाहेर थांबलेली आणि शकुबाई हातात भाकरतुकडा घेऊन दोघींवरून ओवाळत होती. तात्यानं गाडा ओट्यावर अलगद उतरवला. घुंगरं वाजली. शकुबाईचा हात हवेतच राहिला.

"तात्या, ह्यो कुणाचा?"

"कुणाचा म्हंजी? तुमच्या नातवाचा, वैनी. म्हस्कूच्या आसाची चाकं हाईत बघा."

योगिनीनं दुपट्याचा पदर जरा बाजूला केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तात्या, पोरगी हाय. पायल नाव ठिवलंय."

तात्यानं बाळाकडं बघितलं, मग नागेशकडं. "आरं, तू मला पेढा दिला हुतास!"

"दिला की," नागेश म्हणाला. "मी कुठं म्हणलं पोरगा झाला?"

"पेढा दिला म्हंजी आनखी म्हणायचं काय ऱ्हातं?"

मागची पोरं फिसकन हसली. नागेशनं मान खाजवली. "खरं सांगू का तात्या, दुकानात जिलेबीची कढई म्होरंच हुती. पर पोरीला बघून आलेलो, ध्यानातच आलं न्हाय. गोड द्या म्हणलं, त्यानं पेढं बांधलं."

आता जीपवालाही हसला. हसली नाही ती शकुबाई. तिनं भाकरतुकडा लांब फेकला आणि पदर खोचला.

"तात्या, तुमच्या हाताला मी नावं ठिवत न्हाय. पर ह्यो गाडा घिऊन जावा. पोरीच्या नावानं गाडा उंबऱ्याच्या आत आला की पाठीवर पुन्यांदा पोरगीच येती. माझ्या सासूनं मला सांगितलंय. ठकी आणा, पोळपाट आणा, मी डोक्यावर घिऊन नाचते."

"वैनी, निघालेला गाडा मी माघारी न्हेत न्हाय. तुमाला ठाऊक हाय."

"मग मी आत घेत न्हाय. तुमाला बी ठाऊक असू द्या."

तात्यानं पटका सारखा केला आणि रिकाम्या डोक्यानं परत फिरला. गाडा ओट्यावर राहिला. आत नाही आणि माघारीही नाही.

शकुबाई वाईट बाई नव्हती, हे इथंच सांगून ठेवतो. पायलला न्हाऊमाखू घालायची ती तीच. तेल लावताना पोरीच्या टाचा अशा चोळायची की जणू त्यांना बोलायला शिकवते आहे. पण नागेशच्या आधी तिला चार पोरी झाल्या होत्या. त्या चार बाळंतपणांत सासूकडून आणि जावांकडून तिनं जे ऐकलं, ते योगिनीच्या वाट्याला येऊ नये एवढंच तिला पाहिजे होतं. त्यासाठी तिनं एका गाड्याला काय, गाड्यांच्या तांड्याला दारात अडवून धरलं असतं.

त्या संध्याकाळी तात्या जेवायला बसला, पण भाकरी मोडून नुसती कुस्करत राहिला.

"गाव हसलं," तो म्हणाला. "झुंबर सुतारानं पोरीला गाडा केला म्हणून."

"हसू द्या की. मी बी हसले."

"तू बी?"

"मग! बाप सुतार, दारात लाकडाचा ढीग, आन् आपल्या तीन पोरी कशा चालाय शिकल्या? रतन भितीला धरून शिकली. मधली शेळीच्या शेपटीला धरून. धाकटी माझ्या लुगड्याला लोंबकळून. शेळीनं लाथ मारली ते इसरला का?"

"तवा रीत न्हवती."

"व्हय, रीत न्हवती. पोराला चाकं आन् पोरीला पोळपाट. पोरानं जायाचं आन् पोरीनं बूड टेकून बसायचं." सारजानं त्याच्या ताटात कालवण वाढलं. "सगळ्या गावाला चालवलंत तुमी. जेवा आता."

तात्या जेवला. पण पाणी प्यायला विसरला, आणि हे मला सारजाकाकूनंच पुढं सांगितलं.

पावसाळा गेला, गणपती गेले. ओट्यावरच्या गाड्याला काही ना काही काम लागतच होतं. शकुबाई त्याच्यावर भिजलेलं पोतं वाळत घाले. एक तांबडी कोंबडी तर दांड्यावरच्या राघूच्या शेजारी बसायची, जोडीदार मिळाल्यासारखी. तात्या त्या वाटेनं जाताना मान फिरवून जायचा. स्वतःचं काम दुसऱ्याच्या दारात उघड्यावर पडलेलं बघणं कारागिराला सोसत नाही. तो कोंबडीवर चिडायचा, शकुबाईवर चिडायचा. नागेशनं बारामतीहून पोरीसाठी प्लास्टिकची भांडीकुंडी आणल्याचं ऐकलं, तेव्हा प्लास्टिकवरही चिडला.

दिवाळीच्या आसपास शकुबाईनंच निरोप धाडला. या म्हणावं, चहाला. निरोपाचा अर्थ निरोप्यालाही सांगितला होता: तात्यानं चारचौघांत एवढंच म्हणायचं की गाडा या पोरीचा नाही, पुढं होणाऱ्या नातवाचा आहे. मग ती गाड्याला हळदकुंकू लावून मानानं माळ्यावर ठेवील. गाडा माघारी जाणार नाही, रीत मोडणार नाही, तात्याच्या हातालाही कुणी हसणार नाही.

तात्याला ते पटलं. मी खोटं कशाला लिहू, त्याला ते पटलं आणि आनंदही झाला. इतके महिने उन्हात पडलेली वस्तू एका वाक्यानं सावलीत जाणार होती.

"काय म्हणणार तितं जाऊन?" सारजानं विचारलं.

"पुढच्याचा हाय म्हणणार."

"बरं हाय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडं न बघता भांडी घासत राहिली.

ओट्यावर घोंगडं अंथरलं होतं. पारावरचा गेणू साक्षीला आला होता, शेजारची भागूबाई आली होती. नागेशला सुट्टी होती. योगिनीनं चहा आणला. शकुबाई गाड्यावरची धूळ पदरानं पुसत म्हणाली, "तात्या, बसा. गेणूभाऊ, तुमी ऐका बरं का, तात्या काय म्हणत्यात ते."

तात्यानं बशीत चहा ओतला. फुंकर मारली. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, म्हणून घरातून काय येतंय ते कुणी बघितलं नाही.

पायल रांगत उंबऱ्याशी आली होती. उंबरा तिच्या गुडघ्यापेक्षा उंच. तिनं आधी एक हात पलीकडं टाकला, मग पोट टेकवलं, मग मागचा सगळा पसारा ओढून घेतला आणि डोक्यावर आपटत बाहेर पडली. रडली नाही. तिला घुंगरू दिसलं होतं. तिनं बैलाच्या वशिंडाला धरलं, तिथून दांड्याला धरलं आणि उभी राहिली. पाय लटपटत होते, ढुंगण मागं पडत होतं. मग गाडा हलला.

टक.

योगिनीच्या हातातला चहाचा तांब्या तिरका झाला. शकुबाई धावली. "धरा गं, धरा! पडंल पोर!"

"थांबा वैनी," तात्या म्हणाला. त्याचा आवाज सहसा एवढा चढत नसे. "माझा गाडा कलंडत न्हाय."

टक टक. पोर ओट्याच्या मधोमध आली. तिथं थांबून तिनं मागं वळून सगळ्यांकडं बघितलं, आणि खालच्या दोन दातांनी हसली.

शकुबाईचा हात छातीवर होता. ती पोरीकडं बघत होती आणि बोलत मात्र तात्याशी होती. "म्हणा की तात्या. म्हणा, गाडा पुढच्याचा हाय. एवढं म्हणून टाका."

तात्यानं बशी खाली ठेवली. गेणू खाकरला.

"वैनी," तात्या म्हणाला, "पुढं कोण येणार हाय ते मला दिसत न्हाय. ही मला दिसती. आन् दांडा हिला उंच पडतोय. खांदं बघा कसं वर चढल्यात. पोरांच्या मापानं केला, ती माझी चूक."

"तात्या..."

"गाडा पायलचा हाय. गेणू, तू ऐकलंस न्हवं? आता गावाला सांग. हसायचं त्यांनी हसावं." मग नागेशकडं वळून, "बघतोस काय? मेटावर जा, करवत आन् पटाशी घिऊन ये. तुझ्या काकूला म्हणावं, तात्या ओट्यावर कामाला बसलाय."

नागेश मोटरसायकलवर गेला. परतला तेव्हा मागं सारजा बसलेली होती, मांडीवर करवत घेऊन. तिनं कुणाला काही विचारलं नाही. पायलला उचलून घेतलं आणि तात्याच्या समोर धरून उभी राहिली, माप घ्यायला. तात्यानं दांडा काढला, बोटभर कमी केला, पुन्हा ठोकून बसवला आणि लेकराच्या तळहाताला कुसळ लागू नये म्हणून लाकूड काचेच्या तुकड्यानं तासून गुळगुळीत केलं. भुसा उडून चहात पडला.

शकुबाई आत गेली. भागूबाई कुजबुजली, "झालं, रागावली." पण ती काजळाची डबी घेऊन बाहेर आली. पायलच्या गालावर तिनं तीट लावली. जरा थांबली. मग खाली बसून दोन्ही बैलांच्या कपाळावरही एकेक ठिपका ठेवला.

"नजर लागंल," ती म्हणाली. "लई देखणा केलाय मेल्यानं."

दुपार कलायच्या आत पायलनं गाडा वळवला आणि उंबऱ्याला नेऊन धडकवला. गाडा आत जाईना म्हणून ती किंचाळायला लागली. सगळे शकुबाईकडं बघत राहिले. तिनं एक उसासा टाकला, गाड्याचं पुढचं चाक उचललं आणि उंबऱ्याच्या आत ठेवलं.

त्यानंतर तात्यानं पोरगा-पोरगी बघितलं नाही. ठकी करायचंही त्यानं सोडलं नाही. लाकूड उरलं की कोरायचा आणि पोरांनाही द्यायचा. एका आईनं तक्रार केली की आमचा बबन ठकीला कडेवर घेऊन फिरतो, तेव्हा म्हणाला, "फिरू दे. उद्या स्वतःचं पोर घेताना हात भरून येणार न्हाईत त्याचं." रतन पुढच्या दिवाळीला आपली लेक घेऊन आली, तेव्हा त्या नातीसाठी केलेला गाडा त्यानं आठवडाभर कुणालाही हात लावू दिला नाही, रतनलासुद्धा. पोरगी बिचारी तोवर माझ्यासारख्या येणाऱ्याजाणाऱ्याचं धोतर धरून चालत होती.

सत्त्याण्णव साली योगिनीला दुसरी मुलगी झाली, स्वराली. वाडीत ज्यांची तोंडं तीन वर्षं खाजत होती त्यांना मोकळीक मिळाली. पहिलं तोंड उघडलं त्या दिवशी मी तिथं होतो. पायलनं गाडा ट्रॅक्टरच्या उतारावरून पळवत नेऊन एक चाक फोडलं होतं आणि तात्या ओट्यावर नवं चाक बसवत होता, पुटपुटत, "पोरं ढकलत हुती, ही पळवती. बाभूळ पुरायची न्हाय हिला." पण तोंड असं फुललेलं की पटका सैल व्हावा. तेवढ्यात भागूबाई आली.

"शकुबाई, आमी म्हणत न्हवतो? गाडा आत घेतलास आन् बघ. आणली न्हवं त्यानं दुसरी?"

शकुबाई स्वरालीला पायांवर घेऊन तेल चोळत होती. तिनं मान वर केली नाही.

"व्हय बाई, त्यानंच आणली. पहिली एकटीच पळत हुती, सोबतीला दुसरी आणली." मग टाचेवर अंगठा दाबत म्हणाली, "आन् चाकं तीन हाईत त्याला. बसंल आनखी एक."

"आत्या, म्या न्हाय हं!" आतून योगिनी ओरडली.

तात्या खिळा तोंडात धरून हसला आणि खिळा खाली पडला. पायलनं तो शोधून दिला, हातोडीही उचलली, आणि म्हणाली, "सरा तात्या. मी ठोकते."

तात्या सरला.